ब्रेसेस निघाल्यावर दातावर राहिलेला ग्लू कसा काढतात? आणि तो घरी का काढायचा नाही?

दीड-दोन वर्षं दातांवर तारा बाळगल्यावर त्या निघण्याचा दिवस म्हणजे सणच असतो. कधी एकदा आरशात बघतोय आणि सेल्फी टाकतोय, असं होतं. पण घरी आल्यावर बऱ्याच जणांची जीभ एकाच जागी अडकते. दात कुठेतरी खरखरीत लागतो. बोट फिरवलं तर बारीक उंचवटा जाणवतो. मग मोबाईल हातात येतो आणि सर्च होतो: "ब्रेसेसचा ग्लू घरी कसा काढायचा?"

उत्तरात नेल फाइलपासून लिंबापर्यंत काहीही सापडतं. म्हणूनच आज आपण हा ग्लू नेमका काय असतो, डॉक्टर तो कसा काढतात, आणि यात खरी अवघड गोष्ट कोणती, हे नीट समजून घेणार आहोत. ट्रान्सपरंट अलाइनर वापरणाऱ्यांनीही वाचा, कारण तुमच्या दातांवर लावलेले छोटे उंचवटे, म्हणजे अटॅचमेंट, याच पद्धतीने काढतात.

हा ग्लू आहे तरी काय?

मोबाईलच्या दुकानात यूव्ही टेम्पर्ड ग्लास लावताना तुम्ही पाहिलं असेल. दुकानदार स्क्रीनवर पातळ द्रव टाकतो, वर काच ठेवतो आणि छोटा दिवा लावतो. थोड्या वेळात तो द्रव घट्ट होतो. ब्रेसेसचा ग्लू साधारण त्याच घराण्यातला आहे. तो रेझिन असतो, म्हणजे एक प्रकारचं प्लॅस्टिक, आणि त्यात काचेचे किंवा सिलिकाचे अतिशय बारीक कण मिसळलेले असतात. दाताच्या रंगाचं फिलिंग करतात ना, त्या कंपोझिटचाच हा भाऊ.

फरक दिव्याचा आहे. दाताच्या ग्लूसाठी साधारण ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश वापरतात. ग्लूमध्ये कॅम्फरक्विनोन नावाचं रसायन असतं. ते निळा प्रकाश शोषून घेतं आणि रेझिनचे सुटे रेणू एकमेकांना जोडायची प्रक्रिया सुरू करून देतं. डॉक्टर दिवा लावताना नारिंगी काच समोर धरतात ती याचसाठी, कारण नारिंगी काच निळा प्रकाश अडवते आणि डोळे वाचतात.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. एकदा घट्ट झाल्यावर या ग्लूचे रेणू जाळ्यासारखे एकमेकांत विणले जातात. तो पुन्हा वितळत नाही आणि साध्या द्रवात विरघळतही नाही.

दाताला तो इतका घट्ट कसा धरतो?

दाताच्या बाहेरच्या चकचकीत थराला इनॅमल म्हणतात, मराठीत दंतवल्क. आपल्या शरीरातला हा सगळ्यात कठीण पदार्थ. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिजच. इतक्या गुळगुळीत थरावर काही चिकटवायचं म्हणजे ओल्या फरशीवर सेलोटेप लावण्यासारखं.

पूर्वी यावर उपाय नव्हता, म्हणून ब्रेसेससाठी जवळपास प्रत्येक दाताभोवती धातूचं कडं बसवावं लागायचं. वाट सापडली १९५५ साली. अमेरिकेतल्या मायकेल बुओनोकोर या दंतशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की कारखान्यात धातूवर रंग नीट बसावा म्हणून आधी फॉस्फोरिक ॲसिड लावतात. मग तीच युक्ती त्याने दातावर करून पाहिली आणि ती लागू पडली!

आज साधारण ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिडचं जेल १५ ते ३० सेकंद दातावर ठेवतात आणि धुऊन टाकतात. तेवढ्या वेळात इनॅमलचा पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर मधाच्या पोळ्यासारखा सच्छिद्र होतो. पातळ रेझिन त्या छिद्रांत शिरतं आणि निळ्या प्रकाशाने तिथेच घट्ट होतं. म्हणजे ग्लू दातावर नुसता चिकटलेला नसतो, त्याने बारीक मुळं धरलेली असतात.

ब्रॅकेट निघतं, पण ग्लू मागे का राहतो?

ब्रॅकेट म्हणजे दातावरचा तो छोटा चौकोनी तुकडा. त्याच्या मागच्या बाजूला बारीक जाळी असते आणि त्या जाळीतही ग्लू शिरलेला असतो. डॉक्टर खास पक्कडीने ब्रॅकेट दोन्ही बाजूंनी दाबतात. धातू थोडा वाकतो, जाळी ग्लूपासून सुटते आणि 'कट्' असा आवाज येऊन ब्रॅकेट निघतं. ग्लू मात्र बऱ्याचदा दातावरच राहतो.

अनेकांना वाटतं की इथे डॉक्टरांचं काहीतरी चुकलं. खरं तर उलट आहे. ब्रॅकेट ओढताना जोड तीन ठिकाणी सुटू शकतो: ब्रॅकेट आणि ग्लू यांच्यामध्ये, ग्लूच्या आतच, किंवा ग्लू आणि दात यांच्यामध्ये. तिसऱ्या प्रकारात ताण थेट इनॅमलवर येतो आणि क्वचित इनॅमलचा कपचाही उडू शकतो. म्हणून ग्लू दातावर राहिला तर ते जास्त सुरक्षित.

हे मोजायची एक पद्धतही आहे. आर्टुन आणि बर्गलंड या संशोधकांनी १९८४ मध्ये ० ते ३ अशी श्रेणी दिली. दातावर ग्लू अजिबात उरला नाही तर ०, निम्म्याहून कमी उरला तर १, निम्म्याहून जास्त तर २, आणि सगळाच उरला, त्यावर ब्रॅकेटच्या जाळीचा ठसाही दिसतोय, तर ३. परीक्षेत जास्त मार्क चांगले असतात, तसं इथेही इनॅमलच्या दृष्टीने ३ वाईट नाही. फक्त साफ करायला वेळ जास्त लागतो.

सिरॅमिकच्या ब्रॅकेटचं प्रकरण थोडं नाजूक आहे. सिरॅमिक धातूसारखं वाकत नाही, तुटतं. त्यामुळे त्याला वेगळी पक्कड आणि वेगळं तंत्र लागतं. तुमच्या एखाद्या दाताला तडा गेलेला असेल, मोठं फिलिंग असेल किंवा रूट कॅनाल झालेलं असेल, तर ब्रेसेस काढायच्या आधीच डॉक्टरांना आठवण करून द्या.

डॉक्टर ग्लू कसा काढतात? स्टेप बाय स्टेप

१. मोठा थर उतरवणे. यासाठी टंगस्टन कार्बाइडचं बर्र वापरतात. बर्र म्हणजे मशीनच्या टोकाला बसणारं छोटं पातं. याच्या अंगावर बारीक धारा असतात, १२ किंवा त्याहून जास्त. धारा जितक्या जास्त, तितका काप हलका. मशीन दोन प्रकारचं असतं. एअरोटर मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतो, तर मायक्रोमोटर साधारण ४० हजारांपर्यंत. हळू फिरणाऱ्या मशीनने वेळ जास्त जातो, पण हातावर ताबा चांगला राहतो.

२. शेवटचा पातळ थर. इथे हात आणखी हलका करावा लागतो. बर्र एका जागी दाबून धरत नाहीत. रंगाचा ब्रश फिरवावा तसं ते एका दिशेने फिरवत राहतात.

३. फिनिशिंग. मग बारीक होत जाणाऱ्या चकत्या किंवा रबरी टोकं वापरतात. सुतार आधी जाड आणि मग बारीक पॉलिश पेपर मारतो, अगदी तसंच.

४. पॉलिश. शेवटी रबरी कप आणि प्युमिस पावडर, म्हणजे ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाची बारीक पूड. याने दाताची चकाकी परत येते.

हिऱ्याचे कण बसवलेलं बर्र मात्र या कामासाठी योग्य मानत नाहीत. ते कापत नाही, ओरबाडतं. इनॅमलवर त्याने पडलेले खोल ओरखडे नंतरच्या पॉलिशने पूर्ण जात नाहीत.

अधूनमधून हवा किंवा पाणी मारतात ते उगाच नाही. घर्षणाने दात तापतो. १९६५ मध्ये झॅक आणि कोहेन यांनी माकडांच्या दातांवर प्रयोग केला होता. दाताच्या आतला भाग सुमारे ५.५ अंश सेल्सिअसने तापला, तेव्हा काही दातांची नस पुन्हा सावरलीच नाही. म्हणून एकाच दातावर सलग रेटून काम करायचं नसतं.

मग अवघड काय आहे? थांबायचं कुठे, ते कळणं!

आता मुख्य मुद्दा. ग्लू काढणं तितकंसं कठीण नाही. कठीण आहे ते ग्लू कुठे संपला आणि दात कुठे सुरू झाला हे ओळखणं. ग्लूचा रंग मुद्दाम दातासारखाच ठेवलेला असतो. ब्रेसेस असताना तो सोयीचा, काढताना तोच डोकेदुखी. लवकर थांबलात तर ग्लू उरतो, तिथे प्लाक जमतो आणि तो भाग काही महिन्यांत पिवळट दिसायला लागतो. उशिरा थांबलात तर दात घासला जातो.

यासाठी डॉक्टरांकडे काही युक्त्या असतात:

- दात कोरडा करणे. ओल्या दातावर ग्लू लपून जातो. हवेने सुकवला की इनॅमल चमकतं आणि ग्लू खडूसारखा निस्तेज दिसतो.
- टोकदार उपकरण फिरवणे. हाताला खरखर जाणवते आणि कड कुठे आहे ते कळतं.
- जांभळा किंवा यूव्ही प्रकाश. काही ग्लू ४०५ नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशात दातापेक्षा वेगळे चमकतात. नोटा तपासायच्या मशीनखाली नोटेवरच्या खुणा उजळतात ना, तसंच. पण सगळेच ग्लू असे चमकत नाहीत.
- रंग बदलणारा ग्लू. काही ग्लू तोंडाच्या उष्णतेत पारदर्शक असतात आणि थंड हवा किंवा पाणी मारलं की हिरवे दिसतात. हिरवं दिसेपर्यंत काढायचं, हिरवं संपलं की थांबायचं. साधी पण हुशार कल्पना आहे!

तरीही एक गोष्ट मान्य करायला हवी. इनॅमलला शून्य धक्का लावून ग्लू काढणारी पद्धत अजून नाही. कितीही सांभाळून केलं तरी इनॅमलचा अतिशय पातळ थर जातो. काही मायक्रॉन ते काही दहा मायक्रॉन, असं हे प्रमाण अभ्यासांमध्ये दिसतं. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. नीट काम झालं तर एवढ्याने दाताचं काही बिघडत नाही. पण हे बजेट एकदाच मिळतं, हे विसरू नका.

इनॅमल परत का येत नाही?

हाड मोडलं तर जुळतं, त्वचा कापली तर भरून येते. कारण तिथे जिवंत पेशी असतात. इनॅमल बनवणाऱ्या पेशी मात्र दात हिरडीतून बाहेर येईपर्यंतच काम करतात आणि नंतर नाहीशा होतात. मोबाईलच्या भाषेत सांगायचं तर इनॅमल म्हणजे असा टेम्पर्ड ग्लास, जो कंपनीतूनच लागून येतो आणि ज्याचा दुसरा पीस बाजारात मिळत नाही.

लाळेतलं कॅल्शियम आणि टूथपेस्टमधलं फ्लोराइड यामुळे ॲसिडने कमकुवत झालेला भाग काही प्रमाणात पुन्हा मजबूत होतो, हे खरं. पण जो थर घासून उडाला तो परत उगवत नाही. समोरच्या दातांवर बऱ्याच ठिकाणी इनॅमल एक मिलिमीटरहूनही पातळ असतं. शिवाय सगळ्यात जास्त फ्लोराइड अगदी वरच्या थरात असतं, आणि घासताना पहिला तोच जातो.

त्यात आणखी एक फसवी गोष्ट आहे. इनॅमलला नस नसते. म्हणजे ते घासलं जात असताना दुखत नाही! झणझणायला लागतं तेव्हा तुम्ही बहुतेक खालच्या थराच्या, म्हणजे डेंटिनच्या, जवळ पोचलेले असता. "दुखलं तर थांबेन" हा हिशोब इथे चालत नाही.

व्हायरल घरगुती उपाय: एकेक करून बघूया

नेल फाइल. २०२० मध्ये टिकटॉकवर नेल फाइलने दात घासायचे व्हिडिओ फिरले आणि अमेरिकेतल्या दंतवैद्यांना इशारे द्यावे लागले. आता आकडे बघा. फोनच्या स्क्रीनवर सुया ओढून टेस्ट घेणारे यूट्यूबर ज्या मोह्स स्केलवर बोलतात, त्यावर इनॅमल सुमारे ५ वर आहे. एमरीच्या नेल फाइलवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात, ते ९ वर. जी फाइल स्क्रीनवर फिरवायची तुमची हिंमत होणार नाही, ती दातावर कशाला? टंगस्टन कार्बाइडही कठीणच असतं, हे खरं. पण तिथे बारीक धार, हलका हात, कोरडा दात आणि प्रकाश असतो. बाथरूमच्या आरशात यातलं काहीच नसतं.

नेलपेंट रिमूव्हर. नेलपेंट ॲसिटोनमध्ये विरघळतं, कारण ते नुसतं वाळलेलं असतं. दाताचा ग्लू विणला गेलेला असतो. तो काही विरघळणार नाही, उलट हिरड्यांची आग मात्र होईल. ॲसिटोन तोंडात घालायची वस्तूच नाही.

लिंबू. लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास असतो आणि इनॅमल साधारण ५.५ च्या खाली विरघळायला लागतं. म्हणजे ग्लू तसाच राहणार आणि त्याच्या शेजारचा दात झिजणार. घोड्यावरचा राग गाढवावर, तशातली गत!

सेफ्टी पिन, सुई, कटर. हात सटकला तर हिरडी फाटते. ग्लूचा तुकडा निघालाच तर तो कुठून तुटेल यावर तुमचा ताबा नसतो.

कोळशाची पावडर. काळा फेस फोटोत भारी दिसतो. ग्लू त्याने निघत नाही, आणि रोज घासत राहिलात तर दात झिजतो.

ऑनलाइन मिळणारं छोटं पॉलिशिंग मशीन. पाण्याची सोय नाही, वेग किती ते माहीत नाही, आणि स्वतःचा मागचा दात स्वतःला दिसतही नाही. विषय संपला.

मग तुम्ही काय करू शकता?

बरंच काही! क्लिनिकमध्ये खुर्चीवरून उठण्याआधी हे करा:

- सगळ्या दातांवरून जीभ फिरवा. कुठे खरखर लागली तर तिथेच सांगा. लाजायचं काहीच कारण नाही.
- आरसा मागा आणि दात हवेने सुकवून बघायला सांगा.
- फ्लॉस कुठे अडकतोय का, ते पाहा. दोन दातांच्या फटीत ग्लू राहिला की धागा फाटतो.

घरी आल्यावर शंका आली तर मोबाईलच कामाला लावा. दात टिश्यूने टिपून कोरडा करा, ओठ बाजूला धरा, खिडकीजवळ बाजूने उजेड येईल असे उभे राहा आणि मॅक्रो मोडमध्ये फोटो घ्या. फ्लॅश नको, त्याने सगळंच चमकतं. ब्युटी फिल्टर तर बंदच ठेवा. निस्तेज, उंचवट्यासारखा ठिपका दिसला तर तो ग्लू असू शकतो. फोटो क्लिनिकला पाठवा आणि अपॉइंटमेंट घ्या. काम बहुतेक वेळा काही मिनिटांचंच असतं. उरलेला ग्लू म्हणजे इमर्जन्सी नाही, त्यामुळे आठवडाभर थांबावं लागलं तरी बिघडत नाही. तोवर नेहमीसारखे मऊ ब्रशने दात घासा.

दोन गोष्टींमध्ये गल्लत करू नका:

पांढरे डाग म्हणजे ग्लू नाही. ब्रॅकेटच्या कडेने प्लाक साचून राहिला असेल तर तिथलं खनिज कमी होऊन खडूसारखे पांढरे डाग पडतात. ते उंच नसतात, दाताच्या आतच असतात. ते घासून जात नाहीत आणि घासायचेही नाहीत, कारण तो भाग आधीच कमकुवत झालेला असतो. फ्लोराइड आणि नीट सफाईने पहिल्या काही महिन्यांत ते बऱ्यापैकी फिके होऊ शकतात. नाही झाले तर डॉक्टरांकडे पुढचे उपाय आहेत.

दातांच्या मागची तार म्हणजे राहून गेलेली तार नाही. अनेकांच्या खालच्या पुढच्या दातांच्या मागे डॉक्टर बारीक तार मुद्दाम चिकटवून ठेवतात. तो रिटेनर आहे. त्याचा ग्लू खरवडलात तर दात पुन्हा सरकायला लागतात आणि दोन वर्षांची मेहनत पाण्यात जाते.

आणि दात पांढरे करायचं ब्लीचिंग? लगेच नको. आधी ग्लू पूर्ण निघाल्याची खात्री करा. ग्लूच्या जागी ब्लीच पोचत नाही, त्यामुळे आजूबाजूचा दात उजळतो आणि चौकोनी ठिपका तसाच राहतो. कधी करायचं ते डॉक्टरांनाच विचारा.

थोडक्यात

ग्लू उरला तर तो उद्याही काढता येतो, पुढच्या आठवड्यातही काढता येतो. घासलेलं इनॅमल मात्र कोणीच परत लावून देऊ शकत नाही. त्यामुळे जीभ त्या उंचवट्यावर कितीही अडकली तरी हात फाइलकडे नाही, फोनकडे जाऊ द्या आणि क्लिनिकचा नंबर लावा.

तुमच्या ग्रुपमध्ये कोणाच्या ब्रेसेस लवकरच निघणार असतील, तर हा लेख त्यांना आधीच पाठवून ठेवा. खुर्चीवर बसण्याआधी वाचलेला जास्त उपयोगी पडतो!